उमापूरचा टॉवर आणि अक्काचा डबा

अक्काने फोन केला नव्हता. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडावर सांगितले आहे की आता ते उच्चारताना समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटणारे कंटाळलेले हसू मला पाठ झाले आहे. तरीही ते खरे आहे. गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या सभापतिपदाच्या एकेकाळच्या उमेदवाराचा, म्हणजे भाऊंचा, सत्कार झाला. त्यात एका वक्त्याने जुनी कथा नव्याने रंगवली आणि मांडवात हशा पिकला. मी उठून उभा राहिलो, तेव्हा सूत्रसंचालकाने "गुरुजी, आपण ज्येष्ठ आहात, बसून घ्या," असे मधाळ आवाजात सुचवले आणि ध्वनिवर्धक दुसऱ्याच्या हाती दिला. त्या रात्रीपासून मला स्वस्थता नाही. कागदावर कोणी ध्वनिवर्धक काढून घेऊ शकत नाही, म्हणून लिहितो.

त्यांची कथा अशी आहे. आमच्या गटाची पंचायत समितीची सत्ता एका मताने गेली. का गेली? तर लपवून ठेवलेल्या सदस्यांपैकी एका बाईला घराची ओढ आवरली नाही, तिने उमापूरच्या स्टँडवरील पिवळ्या बूथमधून घरी फोन लावला, आणि विरोधकांना आमचा ठावठिकाणा लागला. वक्त्याने पुढे असेही म्हटले की बाईमाणसाच्या पोटात काही राहत नाही. या कथेतील एकही दुवा खरा नाही. ती ज्यांनी पसरवली, त्यांच्यापैकी निम्मे त्या दिवशी तेथे नव्हते आणि उरलेल्यांना ती सोयीची होती.

ज्यांना आमच्याकडील राजकारण ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सभापतीची निवड सदस्यांनी हात वर करून करायची असते. दोन्ही गट तुल्यबळ असले म्हणजे मतदानापूर्वीचे काही दिवस प्रत्येक गट आपले सदस्य उचलतो आणि दूर कोठेतरी नेऊन ठेवतो. हेतू एवढाच, की विरोधकांनी त्यांना गाठू नये, फोडू नये. याला आमच्याकडे 'सहल' म्हणतात. त्या काळी श्रीमंत गट सदस्यांना समुद्रकिनारी नेत. मी निवृत्त मुख्याध्यापक, गटाचा सल्लागार. मी सुचवले की लांब जाऊ नये, कारण शोधणारे लांबच शोधतात. आमचे सदस्य नेकनूरकडच्या गावांचे होते. त्यांना मी गेवराई तालुक्यात, उमापूरच्या पुढे एका परिचिताच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर नेले. पुढे काहींनी या निवडीलाही दोष दिला. आजही तीच परिस्थिती असती तर मी तीच जागा निवडली असती. जागेत काहीच चूक नव्हती.

अक्का ही आमची सदस्य. जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून नवऱ्याने तिला उभे केले. पण पहिल्या वर्षातच ती सभेत प्रश्न विचारू लागली आणि नवऱ्याला दाराबाहेर थांबावे लागू लागले. सगळे तिला अक्काच म्हणत, मीही. सहलीचा दिवस ठरला तेव्हा तिची थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. दिवस भरत आले होते, मूल आडवे असल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि लेकीला बीडच्या दवाखान्यात ठेवले होते. पहिले बाळंतपण माहेरी आणि माहेरात आईच नाही, याचा अर्थ आमच्या गावांत काय होतो हे पुरुषांनाही कळते. अक्का यायला तयार नव्हती. मी स्वतः तिच्या घरी गेलो.

"गुर्जी, माझी लेक तिथं तळमळतीय आन् मी हितं लपून बसू?"

"रोज खबर मिळेल. जबाबदारी माझी."

"कशी मिळंल? दवाखान्यात त्यांचीबी माणसं येऊन बसल्यात. 'लेक कशी हाय' म्हणून इचारत्यात. जो कोण मला सांगाया यील त्याच्या मागं लागतील की."

तिचे म्हणणे रास्त होते. तिच्या नवऱ्यामागे पाळत होती. उमापूरच्या बूथचा मालक विरोधकांच्या भावकीतला होता. तो काचेच्या पलीकडे बसून सगळे ऐके आणि संध्याकाळी पारावर सांगे. एरवी त्या बूथची मला तक्रार नाही. रुपयाचे नाणे टाकणाऱ्याला ते यंत्र नाव विचारीत नसे. पण यंत्राशेजारी बसलेला माणूस नाव जाणत होता. मोबाइल आमच्या भागात नुकता आला होता. आमच्यात तो दोघांकडे होता: एक आमचे उमेदवार, ज्यांना सर्व जण भाऊ म्हणत, आणि दुसरा एक तरुण सदस्य. तरुणाचा फोन मी बंद करून आखाड्यावरील लोखंडी पेटीत टाकला. भाऊंचा फोन मागायची माझी तेवढी छाती होती, मी मागितलाही. पण त्यांनी तो दिला नाही.

मग मी डब्यांचा मार्ग काढला. आमच्या भागातली मुले शहरात शिकतात आणि त्यांचे जेवण गावाकडून एस.टी.ने जाते. सकाळच्या गाडीत चालकाशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर डब्यांची रांग लागलेली असते. कोणाची पिशवी, कोणाच्या कडीला बांधलेली चिंधी, कोणाचा रंगीत दोरा. नाव कोणीही लिहीत नाही. ज्याचा डबा तो खुणेवरून ओळखतो. चालक फक्त नेतो. गेवराईच्या स्थानकात गावोगावच्या गाड्यांतील डबे तेथला हमाल बीडच्या गाडीत चढवतो, आणि दुपारी रिकामे डबे त्याच वाटेने परततात. मी हिरव्या काठाची चिंधी बांधलेला एक डबा त्या रांगेत ठेवला. चालकाला तो विद्यार्थ्याचा वाटला. हमालाला एवढेच ठाऊक की हिरवी चिंधी येताना उमापूरच्या गाडीत टाकायची. बीडच्या स्टँडवरील चहावाला तो उतरवून घेई. तो डबा कोणत्या गावाहून आला हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्याच्याकडून अक्काची जाऊ डबा नेई, तीही लेकीसाठी जेवण म्हणून. प्रत्येकाला आपल्या अलीकडचा आणि पलीकडचा हात ठाऊक होता. संपूर्ण वाट फक्त माझ्या डोक्यात होती.

निरोप लिहायचा नाही, असे मी ठरवले. रिकामे भांडे परत करायचे नाही हा आपला रिवाज. तेव्हा परतीच्या डब्यात काय घालायचे ते अक्काने जावेला सांगून ठेवले: साखर आली तर अद्याप काही नाही, तब्येत ठीक. गूळ आला तर मोकळी झाली, दोघेही सुखरूप.

"आन् वाईट झालं तर?" अक्काने विचारले.

मी चिंधीची गाठ पुन्हा आवळू लागलो. उत्तर तिनेच दिले.

"तर डबा येणारच न्हाई. आसंच ना?"

मग तिने पदर खोचला आणि गाडीत बसली.

आखाड्यावरचे दिवस लांबत गेले. पुरुष सदस्य पत्ते कुटत, एकमेकांच्या मतदारसंघातील लफडी सांगत. अक्का दुपारपासून बांधावर उभी राहायची. बूथवाल्याची नजर चुकवून मी स्टँडवरून डबा घेऊन येताना दिसलो की ती पुढे येत नसे. तिथेच उभी राहून माझ्या हाताकडे बघायची. पहिल्या दुपारी साखर आली. दुसऱ्या दुपारीही साखरच. तिने ती बोटावर घेतली, तोंडात टाकली नाही, तुळशीच्या कुंडीत सोडली.

आणि रोज संध्याकाळी आमचे भाऊ विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचे पाणी पडायच्या उंच दगडी कट्ट्यावर, चढत. खाली रेंज मिळत नसे. तेथे उभे राहून ते घरी एक रिंग देत आणि लगेच कापत. घरच्यांनी समजायचे की सर्व ठीक. मी त्यांना पहिल्याच संध्याकाळी हटकले.

"भाऊ, तो फोन बंद करा."

"गुर्जी, तुमी मास्तर ते मास्तरच! मी कुठं बोललो? नुसता मिस कॉल हाय."

"मिस कॉलही फोनच असतो."

"पैसा कटला का? न्हाई ना? मंग फोन झालाच न्हाई. ज्याचा पैसा न्हाई त्याची नोंद कोण ठेवतंय, कंपनी काय धर्मशाळा हाय का?"

बाकीचे हसले. भाऊंच्या तीन पिढ्या अडतीच्या व्यापारात गेलेल्या. ज्याचा दाम लागला नाही तो व्यवहार झालाच नाही, हा त्यांचा पक्का हिशेब. फोन नुसता खिशात चालू असला तरी जवळच्या टॉवरला आपली हजेरी देत राहतो, हे तेव्हा मलाही नेमके ठाऊक नव्हते. पण माझा संशय मी बोलून दाखवला होता, आणि तो चारचौघांनी ऐकला होता. त्यांपैकी तिघे परवाच्या मांडवात पहिल्या रांगेत बसून हसत होते.

दुसऱ्यांदा साखर आली त्याच्या पुढच्या सकाळी आम्ही पिठले-भाकरी खात असताना कालव्याच्या रस्त्यावर धूळ दिसली. दोन जीपा. पुढच्या जीपमधून विरोधी नेत्याचा पुतण्या उतरला, अंगात पांढराशुभ्र सदरा, आणि लांबूनच हात जोडले.

"रामराम भाऊ! सहल मानवली का? आमाला न्हाई बोलावलं."

भाऊंच्या हातातला घास तसाच राहिला. "कुणी सांगितलं बे तुला?"

"वाऱ्यानं सांगितलं."

दिवसाढवळ्या कोणी कोणाला उचलून नेणार नव्हते. ते फक्त आले, बसले, चहा मागितला आणि एकेकाशी गोड बोलू लागले. तेवढे पुरते. भाऊ मला आणि इतरांना बाजूला घेऊन कुजबुजले आणि त्यांची नजर थेट चुलीजवळ बसलेल्या अक्काकडे गेली.

"हे बायाचंच काम हाय."

अक्काने ऐकले. "भाऊ, माझ्याकडं कुठं फोन हाय?"

"बूथ हाय की स्टँडवर."

"मी आखाड्याच्या भाईर पाऊल टाकलेलं कुणी बगितलं का? इचारा समद्यांना."

कोणी टोपी झटकली, कोणी पायताण शोधू लागला. बोलण्याची ती वेळ होती. तिने पाऊल टाकले नव्हते हे प्रत्येकाला ठाऊक होते. तेवढ्यात पाहुण्यांच्या जीपचे दार वाजले. आमचा एक सदस्य लघवीला म्हणून गेला होता तो तिकडे जाऊन बसला होता. त्याचे नाव आज कोणी घेत नाही. त्याला पुढे बाजार समितीत पद मिळाले.

भाऊंनी उरलेल्यांना तातडीने टेंपोत बसायला सांगितले. दुसरीकडे हलायचे होते. सर्व जण चढले. अक्का जागची हलली नाही.

"दुपारच्या गाडीला माझा डबा हाय."

"अक्का, हितं सत्ता चाललीय आन् तू डब्याचं काय घेऊन बसलीस?"

"सत्ता तुमची हाय. लेक माझी हाय."

"तू न्हाई आलीस तर एक मत कमी व्हतंय!"

"मत कुठं जात न्हाई. मतदानाच्या दिशी मी हात वर करंन, तुमच्याच नावाचा. पर आता मी स्टँडवर चालले."

आणि ती चालू लागली. मी तिच्यासोबत गेलो. टेंपो दुसऱ्या दिशेने गेला. ही गोष्ट मी मुद्दाम क्रमाने सांगत आहे, कारण सारा खोटेपणा क्रमाच्या उलटापालटीत आहे. जीपा सकाळी आल्या. अक्का स्टँडवर त्यानंतर गेली. स्टँडवर सावली एकाच ठिकाणी होती: बूथच्या बाकावर. ती तेथे बसली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिला तेथे बसलेली पाहिली. संध्याकाळपर्यंत "अक्का बूथवर होती" हे सर्वदूर झाले आणि काही दिवसांतच ती त्या दुपारऐवजी आदल्या दिवशीच तेथे बसलेली झाली. लोकांनी खोटे सांगितले असेही नाही. त्यांनी जे पाहिले ते चुकीच्या दिवसावर नेऊन ठेवले.

पुतण्या एक जीप घेऊन आमच्या मागोमाग आला. समोरच्या पानटपरीवर टेकला. बूथवाला आतून पाहत होता.

"अक्का, घरी फोन लावायचा का? पैसे मी देतो," पुतण्या म्हणाला.

"नगं बाबा. घरी कोण हाय उचलाया, समदे दवाखान्यात. तुझ्या पैशानं लावला तर माझ्या लेकीच्या आदी तुझ्या काकालाच ऐकू जाईल."

बूथवाला सुद्धा हसला. अक्का मात्र हसली नाही. तिने रस्त्यावरून नजर काढली नाही. गाडीला उशीर होत होता, तसतशी ती पदराचे टोक पिळत राहिली. उशीर गाडीचा आहे की डब्याचा, हे कळायला मार्ग नव्हता. मी दोनदा उठलो, दोनदा बसलो. तिने एकदाच मला विचारले, "गुर्जी, गाडी आली आन् डबा नसला, तर तुमी मला काय सांगाल?" मी म्हणालो की गेवराईला कधीकधी डबा चुकतो. ती म्हणाली, "मंग तसंच सांगा."

गाडी आली. धूळ बसण्याआधीच मी पायरीवर चढलो. इंजिनाच्या झाकणावर डबे एकमेकांवर कलले होते. हिरवी चिंधी सर्वांत मागे होती. मी डबा उचलला आणि त्याचे वजन हाताला लागले. मी तो उघडला नाही. तो अधिकार माझा नव्हता. अक्काने झाकण काढले. आत गुळाचा मोठा खडा होता, मुठीएवढा, कडेला मुंगीही लागलेली.

ती बाकावर बसून रडली, तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता. मग तिने खडा बाकाच्या कडेवर फोडला. एक तुकडा मला दिला, एक चालकाला, एक त्या पुतण्याला.

"घे रं. तुझ्या काकालाबी दे. आजी झाले म्हनावं."

पुतण्याने तो खाल्ला. राजकारणी असला तरी आमच्याच मातीतला होता.

मतदानाच्या दिवशी अक्का दवाखान्यातून थेट सभागृहात आली आणि तिने भाऊंच्या नावाला हात वर केला. सर्वांच्या देखत. तो हात पाहूनही तिला फितूर म्हणणाऱ्यांना मी काय म्हणावे? गेलेले मत जीपमध्ये बसलेल्या त्या सदस्याचे होते. पण पडलेल्या गटाला कारण लागते आणि कारण नेत्याच्या खिशात सापडले तर पंचाईत होते. अक्काला पुन्हा उमेदवारी मिळाली नाही. तिच्या नवऱ्याला चावडीवर "तुजी बायको आज कुणाला फोन लावती?" असे विचारले जाऊ लागले. त्याने काही वर्षांनी चावडीवर जाणेच सोडले.

मला खरे कळले ते मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर. गाडीची वाट पाहत होतो, आणि तोच पुतण्या समोर येऊन बसला. निवडणूक जिंकलेला माणूस मोकळेपणाने बोलतो.

"गुर्जी, खरं सांगू? तुमची जागा लई भारी होती. आमी महाबळेश्वरला माणसं धाडलीती."

"मग?"

"तुमचा भाऊ रोज सांच्याला घरी रिंग देत व्हता ना? आमचा एक पाव्हणा फोनच्या कंपनीत हाय. त्यानं निस्तं टॉवरचं नाव सांगितलं. उमापूर! तिथं टॉवर एकच. मंग कोणाच्या आखाड्यावर पाव्हणे उतरल्यात, एवढंच इचारायचं राहिलं."

"पण फोन तर उचललाच नव्हता."

"उचलला काय, न उचलला काय. टॉवरला समदं दिसतंय."

मी तसाच उठून भाऊंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "पैसा कटला व्हता का?" त्यानंतर मी त्यांच्या ओट्यावर पाय ठेवला नाही.

आता घरोघरी, खिशोखिशी तो टॉवरचा साक्षीदार आहे. माझ्या घरच्यांनीही मला एक फोन दिला आहे. तो मी फडताळावर ठेवतो. "तुम्ही कुठे आहात ते कळलं की आमची काळजी मिटते," असे ते म्हणतात. "ज्याला काही लपवायचे नाही त्याला भीती कसली?" असेही कोणी म्हणतो. या प्रश्नाने माझे डोके तापते. अक्काला काय लपवायचे होते? लेक जिवंत आहे का एवढेच तिला विचारायचे होते, आणि विचारताना आपण कोठे आहोत हे विकले जाऊ नये, इतकीच अपेक्षा होती. हा गुन्हा असेल तर प्रत्येक आईने तो करावा. माझी पुतणी पुण्यात संगणकाचे काम करते. तिने सांगितले की आता संगणकांची काही जाळी अशी असतात, ज्यांत निरोप अनेक हातांतून जातो आणि कोणत्याही एका हाताला पाठवणारा आणि घेणारा असे दोघे एकदम कळत नाहीत. ती हे नवे म्हणून सांगत होती. मी तिला म्हणालो, आम्ही ते एस.टी.च्या इंजिनावर चालवले होते. ती हसली, मग तिने बारकाईने विचारायला सुरुवात केली, आणि मी सांगत असताना ती हसायची थांबली.

हे सर्व लिहून मी अक्काकडे गेलो. ती आता लेकीकडे राहते; कोठे, ते लिहिणार नाही. मी मजकूर मोठ्याने वाचला. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"कावून उकरून काढताव गुर्जी?"

"तुझ्यावरचा आळ धुवायला. तुझे नाव छापून."

"नाव नगं. नाव आलं की समदे पुन्हा माझ्या दारात. 'तीच का वो ही?' म्हणून."

"नाव नसेल तर लोक मानणार नाहीत. कोण बाई, कुठली बाई, म्हणतील."

"म्हनू द्या. माझ्या लेकीला ठावं हाय. मंग अजून कुणाला पटवायचंय?"

मी तिचे नाव खोडले. मग तिने गाव खोडायला लावले. मग नवऱ्याचा धंदा. मग लेकीचे सासर. प्रत्येक खाडाखोडीबरोबर माझा पुरावा लंगडा होत गेला, आणि मी तिला तसे सांगितले, आवाज चढवून सांगितले. तिने सूप खाली ठेवले.

"आन् भाऊचंबी नाव काढा."

"त्याचे कशाला? ज्याने तुला आयुष्यभर—"

"त्याचीबी नातवंडं हायेत. त्यांना बी उद्या कुठंतरी नांदायचंय."

मी वाद घातला. चहा होईपर्यंत घातला, चहा झाल्यावरही घातला. ती हलली नाही, स्टँडवरच्या बाकावर हलली नव्हती तशीच. शेवटी मी पेन घेतले आणि ते नाव खोडले. इतक्या जोराने की मागचे पान फाटले. हा मजकूर तिच्या अटीवर देत आहे. माझे समाधान झालेले नाही.